सकाळचा पहिला सेल्फ

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की पिंपळगाव बसवंत, निफाड, दिंडोरी या पट्ट्यात जुन्या मिनी ट्रॅक्टरांची विचारपूस वाढते. कुणाचा ट्रॅक्टर ऐन वेळी बसलेला असतो, कुणी दोन एकर नवी बाग धरलेली असते, कुणाला पोरगा पुण्याला नोकरीला लागल्यामुळे बागच कमी करायची असते. अशा व्यवहारात एक वाक्य हमखास ऐकू येते : "सकाळी जरा सेल्फ जास्त घेतो, बाकी मशीन एकदम ओके." घेणारा मान डोलावतो, दहा-पंधरा हजार कमी करून मागतो, विकणारा पाच हजार सोडतो आणि चहा येतो.

त्या एका वाक्यात निदान तीन वेगवेगळ्या रकमा दडलेल्या असतात, आणि त्यांतली खरी कोणती हे बहुतेक वेळा दोघांनाही माहीत नसते. सकाळी सेल्फ जास्त लागतो याचे कारण काहीशे रुपयांचा ग्लो प्लग असू शकतो. ते काही हजारांचे नोझलचे किंवा पंपाचे काम असू शकते. किंवा रिंगा, पिस्टन, लायनर सगळेच झिजलेले असू शकते, ज्याला गॅरेजच्या भाषेत 'फुल इंजिन' म्हणतात. बाहेरून तिघांचे रूप सारखेच : घरघर, घरघर, मग कधीतरी एक ठोका. हा ट्रॅक्टर दुरुस्त करण्याच्या लायकीचा आहे का, हा प्रश्न आपण फार लवकर विचारतो असे माझे मत आहे. आधी बिघाड कुठे आहे ते कळायला हवे. आणि ते कळल्यावरही दुरुस्तीचा खर्च ट्रॅक्टरच्या किमतीशी ताडून पाहणे हे अपुरे गणित आहे. द्राक्षबागेत ट्रॅक्टरचे मोल रुपयांआधी वेळेत मोजावे लागते, तेही सरसकट वर्षाच्या वेळेत नाही.

नाशिकच्या बागेत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही. दोन ओळींत साधारण आठ ते दहा फूट जागा, वर मांडव किंवा वाय आकाराच्या अँगलवर पसरलेल्या काड्या, वळायला बांधापाशी अपुरी जागा. त्यामुळे पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचा, बुटका, अरुंद ट्रॅक्टर इथे रुजला. बेंगळुरूच्या व्हीएसटीने जपानी मित्सुबिशीच्या सहकार्यातून आणलेला साडेअठरा अश्वशक्तीचा 'शक्ती', महिंद्राचा एकाच सिलिंडरचा 'युवराज', राजकोटचा 'कॅप्टन', पुढे कुबोटा. यांच्याकडून नांगरटीची फारशी अपेक्षा नसते. खरे काम ब्लोअरचे. मागे काहीशे लिटरची टाकी, पीटीओवर फिरणारा पंप आणि पंखा, आणि दोन्ही बाजूंना पानांच्या आतपर्यंत औषध नेणारा वारा.

ऑक्टोबर छाटणीपासून फुलोरा संपेपर्यंतचे पहिले पन्नास-साठ दिवस बागेचे सगळ्यात नाजूक. त्या काळात रात्री पाऊस झाला आणि पानावर ओल टिकली, तर डावणीला काही तास पुरतात. पाऊस उघडल्यावर बागेत शिरता येण्याची वेळ आणि रोग आत शिरण्याची वेळ यांत फार अंतर नसते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या अवकाळी पावसात ज्यांनी बागा घालवल्या त्यांना हे पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. २०२५ मध्ये तर मे महिन्यातच सुरू झालेला पाऊस ऑक्टोबर उजाडला तरी हटेना. चिखलात चारही चाके ओढणारा ट्रॅक्टर ज्याच्याकडे होता तो बागेत गेला, बाकीचे बांधावर उभे राहून धुरळणीच्या गोष्टी करत राहिले.

पुढे डिसेंबर-जानेवारीत थंडी. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा ही मराठी वर्तमानपत्रांची दर हिवाळ्यातली ठरलेली बातमी. काही वर्षी तो पाचाच्याही खाली जातो. मणी तडकू नयेत म्हणून बागेत पहाटे शेकोट्या पेटतात, आणि कोरड्या थंड हवेत भुरी आपले डोके वर काढते, म्हणजे फवारणी आहेच. ज्या पहाटे इंजिन सुरू व्हायला सर्वांत जास्त कुरकुरणार त्याच पहाटेच्या आसपास त्याची गरज सर्वांत जास्त, असा हा पेच आहे. उन्हाळ्यात खरड छाटणीनंतर खत ओढायला तोच ट्रॅक्टर अर्धा तास उशिरा सुरू झाला तर काही बिघडत नाही.

आता इंजिनाकडे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटेल. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला हे इंजिन नीट चालवून दाखवले त्याला सव्वाशे वर्षे होऊन गेली, तत्त्व तेच आहे. यात तीन गोष्टी जुळाव्या लागतात. सेल्फने इंजिन पुरेशा वेगाने फिरवले पाहिजे, डिझेल योग्य क्षणी आणि धुक्यासारखे बारीक होऊन आत गेले पाहिजे, आणि दाबलेली हवा कुठून निसटता कामा नये. यांतल्या कोणत्याही एकीत खोट आली तरी सकाळी सेल्फ जास्त लागतो. त्यातली खरी मेख ही की एकीची खोट दुसरीसारखी दिसते. बॅटरी अशक्त असेल, किंवा चेसिसला येणारी अर्थची वायर गंजलेली असेल, तर इंजिन हळू फिरते. हळू फिरले की दाबलेल्या हवेची उष्णता थंड लोखंडात मुरायला वेळ मिळतो, डिझेल पेटत नाही, आणि बघणारा म्हणतो कॉम्प्रेशन गेले. साध्या अर्थच्या वायरीसाठी हेड उतरवल्याच्या कथा गॅरेजमध्ये कमी नाहीत.

धूर मात्र सहसा खोटे बोलत नाही. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून काहीच निघत नसेल तर डिझेल आत पोहोचतच नाही : फिल्टर चोंदलेला आहे, फीड पंप दमला आहे, किंवा रात्रभरात लाइनीत हवा शिरते आहे. हवा शिरण्याचे कारण कधी कधी नटाखालचा तांब्याचा एक वायसर असतो. अशा ट्रॅक्टरला हाताने पंप मारून हवा काढली की तो लगेच सुरू होतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर निघत असेल तर डिझेल येते आहे पण पेटत नाही. तिथे ग्लो प्लग, नोझल, टायमिंग, कॉम्प्रेशन असे चार संशयित उरतात. या छोट्या जपानी वळणाच्या इंजिनांत अनेकदा ग्लो प्लग असतात आणि किल्ली अर्धी फिरवून ते तापेपर्यंत थांबायचे असते, हे मालक तीनदा बदललेल्या ट्रॅक्टरच्या चौथ्या मालकाला कुणी सांगितलेलेच नसते. सुरू झाल्यावर निळसर धूर टिकून राहिला आणि ऑइल भरायचे झाकण सैल करताच खालून फुसफुस वर आली, तर मात्र रिंगांनी हात टेकले आहेत असे समजायला हरकत नाही. आणि सकाळी बरा पण दुपारी गरम झाल्यावर बंद केला की सुरूच होत नाही, अशी उलटी तक्रार असेल तर पंपाच्या झिजेकडे किंवा तापलेल्या सेल्फकडे बघावे लागते. डिझेल तापून पातळ होते, झिजलेल्या पंपातून मागे निसटते.

हे सगळे कळायला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. एक मल्टिमीटर, एक कॉम्प्रेशन गेज, नोझल तपासायचा हातपंप, आणि मुख्य म्हणजे थंड इंजिनाजवळ घालवायला एक पहाट. तरीही ते होत नाही. नाशिकमध्ये ते न होणे जरा जास्तच खटकते. त्र्यंबक रस्त्यावरच्या मायको सर्कलला ज्या कारखान्याचे नाव पडले, ती मायको, म्हणजे आजची बॉश, इथे सातपूरला कित्येक दशके डिझेल इंजिनांची नोझल आणि इंजेक्टर बनवते आहे. ज्या भागातली सुई आणि तिचे घर यांतले अंतर मायक्रॉनमध्ये मोजावे लागते, तो भाग या शहरातून देशभर जातो. आणि तिथून तासाभराच्या अंतरावर, बागेच्या बांधावर, त्याच भागाची परीक्षा 'बदलून बघू' या पद्धतीने होते. दोष कारखान्याचा नाही. मोजण्याची सवय औद्योगिक वसाहतीच्या फाटकाबाहेर फारशी आली नाही, एवढेच.

का आली नाही? माझ्या मते कारण अगदी रोकडे आहे. आपल्याकडे मिस्त्रीला इंजिन खोलण्याचे पैसे मिळतात, खोलू नका असे सांगण्याचे मिळत नाहीत. डॉक्टर नुसते तपासून 'काही झालेले नाही' म्हणाला तरी आपण फी देतो. फिटर तासभर बसून, धूर बघून, वायर घासून ट्रॅक्टर सुरू करून देतो तेव्हा आपण त्याच्या खिशात शंभराची नोट सरकवतो आणि वर म्हणतो, काही काम तर निघाले नाही. तोच फिटर हेड उतरवतो, व्हॉल्व्ह घासतो, नवे गॅस्केट टाकतो, पार्टच्या बिलात त्याचेही थोडे असते, तेव्हा आपण मुकाट्याने पाकीट काढतो. अशा हिशेबात शहाणा फिटर काय करील? त्याला लबाड म्हणणे सोपे आहे. सातपूरच्या आयटीआयसारख्या संस्थांतून मेकॅनिक डिझेलचा अभ्यासक्रम करून बाहेर पडलेला मुलगा निदान करायला शिकलेला असतोच, पण ते विकत घेणारे गिऱ्हाईक त्याला भेटत नाही. वर्षा-दोन वर्षांत तोही 'हाफ इंजिन करून टाकू' म्हणायला लागतो.

याची दुसरी बाजू परदेशात दिसते. अमेरिकेत घरापुढची हिरवळ कापायला बसून चालवायचा एक छोटा पेट्रोल ट्रॅक्टर असतो. तो आपल्याकडे नाही. आपल्या लॉनवर लग्ने लागतात आणि गवत माणसे कापतात. तिथे हिवाळाभर उभा राहिलेला असा जुना ट्रॅक्टर वसंतात सुरू होत नाही. टाकीत राहिलेले इथेनॉल मिसळलेले पेट्रोल शिळे होऊन कार्ब्युरेटरात चिकट थर धरते हे त्याचे नेहमीचे कारण. दुकानातल्या मेकॅनिकचा तासाचा दर इतका असतो की दोन-चार तासांत जुन्या यंत्राची किंमत वसूल व्हावी. म्हणून मालक स्वतःच शिकतो : ठिणगी बघतो, बाउल उघडून साफ करतो, आणि जमले नाही तर यंत्र फुंकून टाकतो. तिथे मजुरी महाग म्हणून निदान घरी आले. आपल्याकडे मजुरी स्वस्त, म्हणून निदान कुणाच्याच घरी राहिले नाही. उघडणे इतके स्वस्त आहे की उघडण्याआधी विचार करणे महाग वाटते. (आता आपल्याकडेही वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आहे. बागेतले पेट्रोल स्प्रे पंप आणि ग्रास कटर महिनोन्‌महिने भरलेल्या टाकीनिशी कोपऱ्यात ठेवणाऱ्यांनी त्या अमेरिकन तक्रारीकडे लक्ष द्यावे.)

आपण नेहमीच असे होतो असेही नाही. विहिरीवर किर्लोस्करांचे किंवा तशाच घडणीचे ऑइल इंजिन असायचे तो काळ आठवणारी माणसे अजून गावोगाव आहेत. ते इंजिन हँडलने सुरू करायचे. वरचा डिकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, हँडल गरागरा फिरवायचे, वेग आला की खटका पाडायचा. दाबाचा झटका थेट मनगटाला बसायचा. इंजिन झिजायला लागले की हँडल सहज फिरू लागे, आणि ते घरातल्या सोळा वर्षांच्या पोरालाही कळे. म्हणजे मालक रोज सकाळी नकळत कॉम्प्रेशन मोजत होता. सेल्फ आला, मनगट सुटले. हात मोडण्याचे अपघातही सुटले, ते चांगलेच झाले. पण ती रोजची मोजणी बॅटरीच्या अंगावर गेली, आणि बॅटरी काही बोलत नाही. ती तीन महिने जास्तीचा भार ओढते आणि चौथ्या महिन्यात बसते. मग आपण नवी बॅटरी आणतो, ट्रॅक्टर पुन्हा बरा सुरू होतो, आणि खरा बिघाड आणखी एक हंगाम झाकलेला राहतो.

झाकण्याचे इतर मार्गही ठाऊक असलेले बरे. ट्रॅक्टर उतारावर लावायचा आणि सकाळी गिअरमध्ये टाकून सोडायचा, हा सगळ्यांत निरुपद्रवी. एअर क्लीनरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरणे किंवा इथरचा स्प्रे मारणे हा त्यापुढचा. पेट्रोल आणि इथर वेळेआधी भडकतात, पिस्टनवर घण बसावा तसा दणका बसतो, आणि जी रिंग अर्धी झिजलेली होती ती मोडते. ग्लो प्लग तापलेला असताना इथर मारणे तर सरळ धोक्याचे. एकदा या स्प्रेची सवय लागलेले इंजिन पुढे त्याच्याशिवाय सुरू होत नाही असे फिटर म्हणतात. त्यात इंजिनाची सवय किती आणि दरम्यान मोडलेल्या रिंगांचा वाटा किती, हे वेगळे सांगायला नको. जुना ट्रॅक्टर बघायला गेल्यावर एअर क्लीनरचा पाइप वारंवार काढल्यासारखा मोकळा दिसला तर मी मागच्या मालकाला त्याचे कारण विचारीन.

समजा, निदान झाले. समजा, फुल इंजिनच निघाले. मग काय? इथे आकडे मांडतो, पण ते उदाहरणापुरते घ्यावेत. ट्रॅक्टरची आजची किंमत एक लाख चाळीस हजार. इंजिनाचे काम साठ हजार. नवा मिनी ट्रॅक्टर चार लाख. 'निम्म्याच्या जवळ खर्च आला तर विकून टाक' असा एक सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही, कारण तो ट्रॅक्टरच्या बाजारभावाला काटा मानतो. बाजारभाव ठरतो विकणाऱ्याच्या निकडीवर आणि टायरांच्या चकाकीवर. बागेला त्याचे काय? नव्या ट्रॅक्टरसाठी तीन लाखांचे कर्ज अकरा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले, तर सहामाही हप्ता जवळजवळ चाळीस हजारांचा बसतो. म्हणजे साठ हजारांचे इंजिन हे दीड हप्ता आहे. आणि हप्त्याचा गुण असा की तो पाऊस बघून येत नाही. थकबाकीपोटी ट्रॅक्टर ओढून नेऊन त्यांचे लिलाव पुकारलेले नाशिक जिल्ह्याने पाहिले आहेत. त्या यादीतले कित्येक ट्रॅक्टर एकाच सेल्फमध्ये सुरू होत असतील.

नव्याच्या बाजूनेही बोलायला हवे. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, त्याच वेळी टायर आणि बऱ्याच सुट्या भागांवरचा अठरावरून पाचवर. नवा स्वस्त झाला तशी दुरुस्तीही स्वस्त झाली. दोन्ही पारड्यांत थोडे थोडे पडले. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध बचत गटांना मिनी ट्रॅक्टर आणि त्याच्या अवजारांसाठी साडेतीन लाखांच्या मर्यादेत नव्वद टक्के अनुदानाची राज्याची योजना आहे. ज्यांना ती लागू होते त्यांनी जुन्या ट्रॅक्टरच्या नादी लागावे असे मी म्हणणार नाही. पण ज्या पाच एकरवाल्याला ना अनुदान ना शिल्लक, त्याला 'नवाच घ्या' हा सल्ला म्हणजे आपली चिंता त्याच्या सातबाऱ्यावर चढवणे आहे.

मग भाड्याने का घेऊ नये? रोटाव्हेटर, खत ओढणे, खड्डे यांसाठी जरूर घ्यावा. फवारणीसाठी ते जमत नाही, कारण पाऊस सगळ्यांच्या बागेत एकाच रात्री पडतो. शेजाऱ्याचा ब्लोअर तुम्हाला मिळेल तो त्याची बाग झाल्यावर, आणि तोपर्यंत पानावर जे व्हायचे ते झालेले असते. दोन जुने ट्रॅक्टर ठेवण्याचा तोडगाही बरेच जण काढतात. एक बसला तर दुसरा. कागदावर हे उत्तम : प्रत्येक जण दहांतल्या एका सकाळी दगा देत असेल, तर दोघे एकदम दगा देण्याची सकाळ शंभरात एक. पण हे गणित दोघांचे बिघाड एकमेकांशी संबंध नसलेले आहेत असे धरून चालते. पाच अंशांची पहाट दोघांनाही एकदमच गाठते. दोघांच्या बॅटऱ्यांकडे दुर्लक्ष करणारा मालकही एकच असतो. दुसरा ट्रॅक्टर खरोखर आधार व्हायचा असेल तर त्याचा दुबळेपणा वेगळ्या जातीचा हवा : एकाचे हायड्रॉलिक गेलेले चालेल, दुसऱ्याचे कॉम्प्रेशन तरी शाबूत पाहिजे.

इथे दुरुस्तीचा हक्क मागणाऱ्यांचे म्हणणे आठवते. अमेरिकेत जॉन डिअरचे मोठे ट्रॅक्टर संगणकाच्या कुलपात बंद झाले, शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात स्वतःचे यंत्र उघडता येईना. २०२३ च्या जानेवारीत कंपनीने तिथल्या शेतकरी संघटनेशी करार केला, २०२५ च्या जानेवारीत तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने तरीही खटला भरला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारेही त्यात धरली. हे सगळे योग्यच आहे. पण नाशिकच्या मिनी ट्रॅक्टरला ते कुलूप अजून लागलेले नाही. प्रदूषणाचे कडक ट्रेम-४ निकष जानेवारी २०२३ पासून आले ते पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना. खालचे अजून साध्या यांत्रिक पंपावर चालतात. पाना-पक्कड घेतलेला कुठलाही जाणकार ते उघडू शकतो. हक्क आपल्याकडे आहे, तो वापरण्याची रीत आपण स्वस्त मजुरीत घालवली. पुढेमागे छोट्या इंजिनांवरही संगणक येईल, तेव्हा आपण आंदोलन करू, आणि आज मोफत मिळणारी गोष्ट त्या दिवशी मागू.

दुरुस्तीच्या बाजूने बोलताना भावनेला मात्र आवर घालावा लागतो. वडिलांनी घेतलेला ट्रॅक्टर, पहिल्या निर्यातीच्या पैशांतला ट्रॅक्टर, या गोष्टी खऱ्या असतात आणि त्यांची किंमत ज्याने त्याने ठरवावी. फक्त ती बागेच्या खर्चात टाकू नये. काही बिघाडांपुढे थांबावेच लागते. क्रँक एकदा घासून आता पुन्हा घासण्याएवढी उरलेली नसेल, ब्लॉकला तडा असेल, पुढच्या एक्सलच्या सीलमधून ऑइल गळून चारचाकी ओढ गेलेली असेल आणि वर इंजिनही मागत असेल, तर दुरुस्ती एका ठिकाणी संपत नाही. सुट्या भागांचेही पाहावे लागते. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला तरी त्याचे पार्ट अजून मिळतात, कारण ते ट्रॅक्टर गावोगाव होते आणि बाहेरचे कारखाने ते भाग बनवत राहिले. थोड्याच संख्येने विकल्या गेलेल्या एखाद्या मॉडेलचे तसे होत नाही. त्याचा एक पिनियन महिनाभर येत नाही, आणि तो महिना ऑक्टोबर असू शकतो. आरसी आणि बँकेचा बोजा हे तर इंजिनाआधी बघायचे. ते विसरणारे निघतात याचे मला अजून नवल वाटते.

दुरुस्त करणे आणि विकणे यांच्यामध्ये तिसरी एक वाट आहे. तिचा विचार कमी होतो, कारण तिच्यात कुणाला दलाली नाही. ट्रॅक्टरला फवारणीतून काढायचे आणि हलक्या कामाला लावायचे. ज्याला सकाळी चार सेल्फ लागतात तो दुपारी शेणखताची ट्रॉली ओढू शकतो, छाटणीच्या काड्या बाहेर काढू शकतो, बेदाण्याच्या शेडपर्यंत क्रेट नेऊ शकतो. त्या कामांना वेळेची घाई नसते. अशा कामासाठी एक लाखात मिळणारा, कॉम्प्रेशन उतरलेला, पण गिअर बॉक्स आणि हायड्रॉलिक धडधाकट असलेला ट्रॅक्टर हा चांगला सौदा आहे, इंजिनाला हातही न लावता. तोच ट्रॅक्टर ब्लोअरला लावायचा असेल, तर मी सौद्याआधी पहाटे सहाला, न सांगता आलो तर चालेल का असे विचारीन, आणि गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करीन. सोबत फिटर नेईन, आणि त्याची फी तिथेच, ट्रॅक्टर घेतला तरी आणि नाही घेतला तरी, पाचशे-हजार जे ठरेल ते, आधी ठरवून देईन. त्याने वायर, फिल्टर, ग्लो प्लग यांच्यावर बोट ठेवले तर मागितलेली किंमत देऊन ट्रॅक्टर घेईन, घासाघीस न करता. नोझल आणि पंपावर ठेवले तर हिशेब करून. रिंगांवर ठेवले आणि तारीख सप्टेंबरची असेल, तर छाटणीआधी इंजिन बांधून मिळेल असा शब्द देणारा फिटर आधी शोधीन, मग पैसे मोजीन. रिंगांवरच ठेवले आणि तारीख ऑक्टोबरच्या पंधरवड्यापुढची असेल, तर तो ट्रॅक्टर कितीही स्वस्त असला तरी त्या हंगामात माझ्या बागेला परवडणारा नाही; खरड छाटणीनंतर, एप्रिलात, पुन्हा विचारायला जाईन.